चौदावी भेट

मी सूड घेतला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या तोंडी उदात्त कारणं घालायला नको. वारणा-कृष्णा मानसतज्ज्ञ संघानं मला दोन वर्षांसाठी निलंबित केलं, तेव्हा ठरावात 'भावनेच्या भरात' असे शब्द घातले. ते मला वाचवायला घातले असतील, पण ते खोटे आहेत. मी बारा दिवस थंड डोक्यानं तयारी केली होती.

आमचा संघ म्हणजे सांगली, मिरज, इचलकरंजी, कऱ्हाड या भागातल्या तीनशे मानसतज्ज्ञांचा. कार्यालय मिरजेत, तंतुवाद्यांच्या दुकानांवरच्या मजल्यावर. खाली दिवसभर कुणीतरी एकच तार छेडून बघत असतं. जागा अडीच खोल्यांची, पण उद्योग दांडगे. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात हेल्पलाइन, पुराच्या वर्षी छावण्यांतून समुपदेशन, शनिवारच्या बाजारात 'मन मोकळं' नावाचा तंबू. तिथं भाजीवाल्या आधी सावलीला म्हणून टेकायच्या आणि जरा वेळानं पदर डोळ्याला लावायच्या. दहा ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची रॅली. आणि या सगळ्यामागं एक माणूस, अध्यक्ष डॉ. श्रीधर शिरगुप्पे. माझे गुरू.

सरांचा एक नियम संघातल्या प्रत्येकाला पाठ होता. समोरचा माणूस पाऊण तास हवापाण्याचं बोलतो, आणि खरं बोलतो ते निघताना, दाराशी. "उंबऱ्यावरचं वाक्य सोडायचं नाही," सर सांगायचे. "बाहेर प्रत्यक्ष कलेक्टर ताटकळत असू दे. माणसाला परत आणून बसवायचं."

माझी थोरली बहीण शीतल, आमची अक्का, तासगावला शाळेत शिकवायची. आई, ती आणि मी, तिघी तासगावच्या घरात एकत्रच राहायचो; तिची नि माझी खोली शेजारी शेजारी. पाच वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तिनं जीव दिला. चिठ्ठी नाही, चाहूल नाही. निदान मला तरी लागली नाही, आणि माणसाच्या मनातलं ओळखणं हा तर माझा धंदा! तिसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले. आईचा हात हातात घेऊन म्हणाले, "तिनं एकदा कुणाशी तरी बोलायला हवं होतं." पुढं हेच वाक्य ते नाव न घेता भाषणांतही वापरू लागले. 'आमच्या एका सहकाऱ्याच्या घरची गोष्ट' अशी सुरुवात व्हायची, आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची.

आता बाहुल्यांचं सांगते. त्यांचं सरकारी नाव 'अभ्यासमित्र', पण ते फक्त अहवालात. आम्ही सगळे बाहुलंच म्हणायचो.

पूर्वी नवा मानसतज्ज्ञ खऱ्या माणसावर हात साफ करायचा, आणि चुकला की भोगायचं त्या माणसानं. बाहुल्यानं ही सोय केली. एखाद्या माणसाच्या भेटींचं किमान दहा तासांचं ध्वनिमुद्रण यंत्राला दिलं, की ते त्या माणसाचं बोलणं शिकतं. पोपटासारखं नाही. कधीच न विचारलेला प्रश्न विचारला, तरी तो माणूस काय उत्तर देईल याचा अदमास बांधून ते उत्तर देतं. तुम्ही वेगळं बोललात की तेही वेगळ्या वाटेनं जातं. भेट संपली की सगळं विसरतं. दुसऱ्या दिवशी परत तेच दुःख घेऊन, तितक्याच ताजेपणानं समोर बसतं.

यातली खरी गोम आवाजात नाही, रिकाम्या जागांत आहे. प्रश्न संपल्यापासून उत्तराचा पहिला शब्द फुटेपर्यंत किती वेळ जातो, श्वास कुठं घेतला जातो, वाक्य कुठं अर्ध्यावर सुटतं, आजार तिथं सापडतो. माणूस खचला की त्या जागा लांबतात. म्हणून आवाज बदलता येतो, चेहरा नवा देता येतो, पण त्या जागांना हात लावायचा नाही. लावला की बाहुल्याचा नुसता नट होतो, आणि नटावर शिकून कुणी शहाणं होत नाही.

ओळख लपवायची आमची पद्धत फार जुनी, केस मांडायच्या बैठकांपासूनची. नाव बदला, गाव बदला, बाईचा पुरुष करा, शिक्षिकेचा कारकून करा, बहिणीचा भाऊ करा. एवढं केलं की माणूस ओळखू येत नाही, असं आम्ही चाळीस वर्षं धरून चाललो होतो. यंत्रालाही आम्ही तेच शिकवलं. आणि चुकून ओळख उघड झालीच, तर ते बाहुलं चोवीस तासांत पुसून टाकायचं. हा नियम मी लिहिला होता. मी संघाची प्रशिक्षण सचिव होते, आणि अशा नियमांचा मला फार अभिमान होता.

अठ्ठावीस सप्टेंबरला दुपारी मी जुन्या ध्वनिमुद्रणांवरून नुकतीच तयार झालेली बाहुली तपासत होते. एकशे सतरा नंबरचं उघडलं. श्रीकांत, वय त्रेचाळीस, पोस्टात कारकून, राहणार बार्शी. तक्रार झोपेची. पडद्यावर मिशीवाला, शांत चेहऱ्याचा माणूस आला.

मी ठरलेले प्रश्न विचारत गेले. "हल्ली विसरायला होतं का?"

"तसं नाही." मग एक लांब श्वास. "महत्त्वाचं असलं की मी झोपताना चप्पल उलटी करून ठेवतो. सकाळी पाय घालताना आठवतं. आई ओरडायची, चप्पल उलटी पडली की घरात भांडणं होतात म्हणून. मी धाकट्याला म्हणायचो, होऊ देत की भांडणं. तुझा गृहपाठ तर राहणार नाही."

तो गृहपाठ माझा होता. माझ्या चौथीपासून दहावीपर्यंत अक्काच्या उजव्या पायातली चप्पल माझ्या गृहपाठासाठी उलटी पडायची. कोणत्याही प्रश्नाला आधी 'तसं नाही' म्हणायचं, मग श्वास घ्यायचा आणि मग मान्य करायचं, हीही अक्काच. मिशी लावली, पोस्टात नोकरी दिली, बार्शीला पाठवली, तरी ती अक्काच.

मी पुढचे सगळे प्रश्न विचारले, कारण ती बोलत होती आणि मला ते थांबवायचं नव्हतं.

मग नोंदवही उघडली. ती प्रशिक्षण सचिवालाच दिसते. एकूण भेटी चौदा. जमा करणारे तज्ज्ञ, श्री. शि. व्यक्तीची लेखी संमती आहे. निकाल, तीन. शिकणाऱ्यांना आम्ही निकाल कधीच सांगत नाही. एक म्हणजे बरं वाटलं, दोन म्हणजे येणं सोडलं, तीन म्हणजे मृत्यू. तो तीनचा आकडा सरांनी स्वतः भरला होता.

म्हणजे अक्का बोलली होती. माझ्यापासून लपवून, दर गुरुवारी तासगावहून एसटीनं मिरजेला सरांच्या दवाखान्यात येऊन, चौदा वेळा बोलली होती. सरांचं नाव तिला माझ्याकडूनच कळलं असणार. घरात त्यांचे गोडवे मीच गायचे.

शेवटच्या भेटीचा मुखवटा चढवलेला मजकूर मी वाचला. तारीख दहा ऑक्टोबर, रॅलीचा दिवस. पंचविसाव्या मिनिटाला कंसात लिहिलं होतं, 'दारावर टकटक. पाहुणे आले असल्याचा निरोप.' सर म्हणतात, आज इथं थांबू या. श्रीकांत उठतो. दाराशी म्हणतो, "धाकट्याला सगळं कुठं काय आहे ते सांगून ठेवीन म्हणतो. म्हणजे मग काळजी नाही." त्यावर सरांचं उत्तर होतं, "छान. पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करू."

त्यानंतर अक्काच्या आयुष्यात गुरुवार आला नाही.

चूक कुणाकडून होत नाही? माझ्याही हातून झाल्या आहेत. चौदा भेटी गुप्त ठेवल्या, तोही धर्मच. पण गुप्त ठेवायचं तर तोंड मिटून बसायचं. आईचा हात धरून 'तिनं कुणाशी तरी बोलायला हवं होतं' म्हणायला कुठला नियम सांगतो? पाच वर्षं मी आरशात बघून स्वतःला शिव्या घातल्या, आणि हा माणूस त्या शिव्यांना मान हलवत राहिला. त्या दुपारी मला दुःख झालं नाही. राग आला, आणि खरं सांगायचं तर फार दिवसांनी मला बरं वाटलं.

पुढं रोज दुपारी दोनला मी एकशे सतरा उघडायची. तिला गृहपाठाचं विचारायची, आईच्या भांडणांचं विचारायची. एक प्रश्न रोज ओठांवर यायचा आणि मी तो उद्यावर ढकलायची. पाचव्या दिवशी डॉ. शहनाज मुल्ला दारात उभ्या दिसल्या. संघाच्या नीतिसमितीच्या प्रमुख, सत्तरीच्या, सरांनाही 'श्रीधर' म्हणणाऱ्या एकट्या.

"कोण आहे ते?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

"तक्रार दे. मी स्वतः घेते," त्या म्हणाल्या.

"मग काय होईल, मॅडम?"

"चौकशी होईल."

"बंद खोलीत. सर खेद व्यक्त करतील, तुम्ही ताकीद द्याल, इतिवृत्तात दोन ओळी येतील. आणि पुढच्या दहा ऑक्टोबरला सर पुन्हा ते वाक्य म्हणतील."

"तुला काय पाहिजे मग?"

"सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी तिला पुन्हा एकदा दारातून जाऊ द्यायला पाहिजे."

मुल्ला मॅडमनी चष्मा परत चढवला. "धनश्री, ओळख उघड झाली की ती जाईल. चोवीस तासांत. नियम तूच लिहिलायस."

"ठाऊक आहे मला."

"तिला ठेवायचं की त्याला पाडायचं, ते ठरव. दोन्ही व्हायचं नाही बघ." त्या उठल्या. "मी हे ऐकलेलं नाही. माझ्या वयाला ऐकू कमीच येतं."

मी ठरवलं. त्याला फार वेळ लागला नाही, आणि याचीच मला आज जास्त लाज वाटते.

वार्षिक अधिवेशन दहा ऑक्टोबरला सांगलीच्या नाट्यगृहात होतं. सकाळी रॅली, शाळेच्या मुलांचं पथनाट्य, मग सत्कार, आणि शेवटी मुख्य आकर्षण म्हणजे सर स्वतः मंचावर एका बाहुल्याची भेट घेऊन दाखवणार. कुठलं बाहुलं, ते सरांनाही ठाऊक नसणार. पाहुण्यांनी डब्यातून चिठ्ठी काढायची. डबा माझ्याकडं होता, आणि त्यातल्या चाळीसही चिठ्ठ्यांवर मी एकशे सतरा लिहिलं होतं. भेट चौदावी, हेही यंत्रात मीच लावून ठेवलं.

श्रीकांत पडद्यावर आला. सरांनी त्याला ओळखलं नाही. पाच वर्षांत त्यांनी साठ बाहुली जमा केली होती, आणि मिशी फार छान बसली होती.

"आज बरं वाटतंय," श्रीकांत म्हणाला. "झोप लागली."

सर ऐकत होते. सभागृह गच्च भरलेलं. मी विंगेत उभी राहून मिनिटं मोजत होते. पंचविसाव्या मिनिटाला, ठरल्याप्रमाणं, मंचावरची घंटा वाजली. वेळ संपली.

"आज इथं थांबू या," सर म्हणाले.

श्रीकांत उठला. दाराकडं वळला. "धाकट्याला सगळं कुठं काय आहे ते सांगून ठेवीन म्हणतो. म्हणजे मग काळजी नाही."

आता म्हणा, मी मनात म्हटलं. म्हणा, छान.

"बसा, श्रीकांत," सर म्हणाले.

श्रीकांत थांबला. घंटा पुन्हा वाजली. सरांनी हातानंच ती बंद करायला सांगितलं.

"बसा. मला कुठंही जायचं नाही. कसली काळजी मिटणार आहे?"

"तसं नाही..." लांब, फार लांब श्वास.

"जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

मी मोजलं, अकरा सेकंद गेले.

"हो," श्रीकांत म्हणाला, आणि खाली बसला.

"सांगितलंत, बरं केलंत. आता तुम्ही एकट्यानं घरी जायचं नाही. आपण दोघं मिळून तुमच्या धाकट्याला फोन लावू. आत्ता, इथूनच."

"त्याला कशाला त्रास?"

"होईल त्याला त्रास. पण तो येईल."

श्रीकांत रडायला लागला. अक्का कशी रडायची, ते मी विसरले होते. ती आवाज न करता रडायची. मग तो म्हणाला, "बरं. लावा."

सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. कुणी डोळे पुसत होतं. मी मात्र विंगेतल्या पडद्याला धरून उभी होते. तो धाकटा म्हणजे मी. तो फोन मला यायचा होता.

मी आखलं होतं काय आणि झालं काय! ते चुकतील, हसं होईल, मग मी नाव सांगेन, असा माझा बेत होता. पण ते चुकले नाहीत. पाच वर्षांपूर्वी लागला असता तेवढाच वेळ लागला, चार मिनिटं. त्यांना येत होतं. तेव्हाही येत होतं. चुकले असते तर कदाचित मी त्यांना अर्धी माफी दिली असती. आता ती द्यायचं कारणच उरलं नाही.

आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. आभारांना कुणी ऐकत नाही, सगळे जेवणाच्या रांगेकडं बघत असतात. मी माइक घेतला.

"सरांचे आभार," मी म्हणाले, "एवढ्यासाठी, की आज त्यांनी माझ्या बहिणीला वाचवलं. श्रीकांत म्हणजे शीतल मगदूम, तासगाव. माझी अक्का. ती सरांकडं चौदा वेळा आली होती. आज सरांनी जी भेट घेतली, ती त्यांनी एकदा घेतली आहे. तेव्हा दारात ती जे म्हणाली, त्याला सरांनी दिलेलं उत्तर वाचून दाखवते." आणि मी वाचलं. मग त्यांच्याकडं वळले. "आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आईला काय सांगितलंत, तेही सांगा, सर. ते सगळ्यांना पाठच आहे."

रांगेत उभे राहिलेलेही परत फिरले होते. सरांचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यांनी पडद्याकडं बघितलं. तिथं श्रीकांत अजून बसलेला होता, फोन लागायची वाट बघत. सरांना आत्ता कुठं ती दिसली असावी. त्यांच्या हातातला पुष्पगुच्छ खाली पडला आणि तो कुणी उचलला नाही.

"त्या दिवशी रॅली होती," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही दोघं मिरजेच्या कार्यालयात होतो. ओळख उघड झालेलं बाहुलं सील होतं. ते उघडायला जमा करणारा तज्ज्ञ आणि प्रशिक्षण सचिव, दोघांचे अंगठे एकाच वेळी लागतात. पुसण्याआधी पडताळणी म्हणून दोघांसमोर एक भेट घेता येते. हवी असेल तर. हाही नियम मीच लिहिलेला.

सरांनी रात्रभर डोळा मिटला नसावा. राजीनामा त्यांनी टेबलावर ठेवला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकलेली. मला आनंद झाला. झाला, का लपवू?

"धनश्री," ते म्हणाले, "तुझी माफी मागायला मी आलेलो नाही. ती तू देऊ नकोस. पण पुसण्याआधी दहा मिनिटं तिच्याशी बोलू दे. मला तिची माफी मागायची आहे."

"नाही."

"तुझ्यासमोर मागतो. तू बस इथंच."

"ती तुम्हाला माफ करेल, सर," मी म्हणाले. "आधी 'तसं नाही' म्हणेल, श्वास घेईल, आणि माफ करेल. तिचा स्वभावच तो होता. म्हणून नाही."

सरांनी टेबलावरचा राजीनामा उगाच सरळ केला. पुढं जन्मभर ही माफी त्यांना कुठंही मिळणार नव्हती, आणि ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला पाहिजे होतं ते हेच. खाली दुकानात कुणीतरी तार लावत होतं.

"पुसायचं?" यंत्रानं विचारलं.

त्यांनी अंगठा ठेवला. मी ठेवला. तीन सेकंदांत पडदा रिकामा झाला, आणि सर भिंतीला धरत धरत जिना उतरून गेले.

मी तिथंच बसून राहिले. ती दहा मिनिटं सरांना द्यायची नव्हती, म्हणून मी स्वतःही घेतली नाहीत. रोज दुपारी उद्यावर ढकललेला माझा प्रश्न तसाच राहिला. शेजारच्या खोलीत असून तुझं मला काहीच कसं दिसलं नाही, अक्का, मला माफ करशील का, एवढंच मला विचारायचं होतं.